मुक्या विद्यार्थ्याची शाळा

आपल्याकडे कुत्र्याशी बोलावयास बहुधा दोनच शब्द पुरतात. जवळ हवा असला म्हणजे ‘यू यू’ आणि नकोसा झाला म्हणजे ‘हाड’. फार तर कोणाच्या अंगावर घालावयाचा असला म्हणजे ‘छू’. या तीन शब्दांच्या भांडवलावर आपण त्याच्याकडून अपेक्षा मात्र केवढ्या करतो! त्याने चोरावर भुंकावे, पाहुण्यावर भुंकू नये. वाळत घातलेले कपडे ओढू नयेत. शेजारच्या कोंबड्यांमागे धावू नये. मुलांनी कान ओढले तरी गुरगुरू नये. आणि हाक मारताच असेल तेथून धावत यावे. हे सारे त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो चुकला म्हणजे ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण मात्र सर्वांना आठवते.

म्हण खोटी नाही. शेपूट वाकडेच राहणार, कारण ते तसेच घडलेले आहे. परंतु शेपूट सरळ करण्याचा उद्योग आपल्याला सांगितला आहे कोणी? शेपटाचा धनी शिकू शकतो, आणि तो धाकापेक्षा गोडीने अधिक चांगला शिकतो, एवढेच आज सांगावयाचे आहे. तो कसा शिकतो हे नीट समजून घेतले, तर त्याला शिकविणे घरातील बारा वर्षांच्या मुलालाही जमण्यासारखे आहे.

हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे कलघटगी हे तालुक्याचे गाव लागते. पठारावरील मोकळी शेते मागे पडतात आणि मलनाडची भातशेती व रान जवळ येऊ लागते. अशा सीमेवरच्या गावी कुत्रा बाळगणे ही केवळ हौस नसते. रात्री परसात खसफस झाली, शेतात रानडुकरे शिरली, तर पहिली वर्दी तोच देतो. याच कलघटगीचे नाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठीही दूरवर प्रसिद्ध आहे. तेव्हा एका खोलीत पाळणा झुलतो आहे आणि उंबऱ्यापाशी कुत्रा पहुडला आहे, हे चित्र तेथील अनेक घरांत दिसावे, यात नवल नाही. चित्र मोठे गोड आहे; पण ते गोड राहण्यासाठी त्या कुत्र्याला काही रीतभात असावी लागते.

येथे प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत रोगाचे मूळ कुत्रा असतो, आणि संशयित जनावराने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, असेच जवळजवळ म्हणावे लागते. दुसरीकडे कुत्र्याच्याही आयुष्याचा प्रश्न आहे. अंगावर उड्या मारतो म्हणून त्याला बांधतात; बांधल्यामुळे तो चिडका होतो; चिडका झाला म्हणून साखळी आणखी आखूड होते; आणि एके दिवशी त्याला कोठल्या तरी बाजाराच्या गावी सोडून दिले जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमाने जनावरास अवास्तव आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. पण कायद्याने साखळी लांब होईल. साखळीची गरजच कमी करावयाची, तर शिक्षण हवे.

आता, कुत्रा शिकतो कसा? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मांजरे व कुत्री यांना खटका असलेल्या पेट्यांत ठेवले आणि बाहेर खाद्य मांडले. प्राणी धडपडता धडपडता योगायोगाने खटका दाबी आणि दार उघडे. पुन्हा पुन्हा तसे झाले की त्याची निरर्थक धडपड कमी होई आणि तो लवकर खटक्याकडे वळे. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पक्की होते, असा नियम त्यावरून निघाला. रशियातील इवान पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येण्याच्या नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखविले. आपल्या स्वयंपाकघरात भाकरीच्या टोपलीचे झाकण वाजताच परसातला कुत्रा दारात हजर होतो, तो याच नियमाने. पुढे बी. एफ. स्किनर यांनी डिसेंबर १९५१ मध्ये एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. बक्षीस देण्याआधी एखादा ठरावीक आवाज करावा, म्हणजे नेमक्या कोणत्या क्षणाच्या कृतीबद्दल बक्षीस मिळाले हे प्राण्याला कळते, असे त्यांनी सुचविले.

या विद्येची खरी कसोटी समुद्रात लागली. १९६३ साली हवाई बेटांवरील एका सागरी उद्यानात कॅरन प्रायर या बाई डॉल्फिन माशांना शिकवू लागल्या. डॉल्फिनला आपण मासा म्हणतो खरे, पण तो सस्तन प्राणी आहे. आणि त्याला ना गळपट्टा घालता येतो ना छडी मारता येते. रागावलात तर तो सरळ पोहत दूर निघून जातो. तेव्हा शिकविणाऱ्याच्या हाती उरते काय? एक शिटी आणि टोपलीभर मासळी. एवढ्या सामग्रीवर त्या प्राण्यांनी अवघड कसरती शिकून दाखविल्या. जो प्राणी पाण्यात पाठ फिरवून जाऊ शकतो त्याला गोडीने शिकविता येते, तर जो आपण होऊन पायाशी येऊन बसतो त्याला काठी कशाला हवी?

काठीने कुत्रा शिकत नाही असे नव्हे. तो शिकतो, पण आपल्याला हवे ते शिकत नाही. कुत्रा फळाची सांगड त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी घालतो. दुपारी त्याने वहाण कुरतडली आणि संध्याकाळी मालकाने घरी येऊन त्याला बदडले, तर वहाणेचा आणि माराचा संबंध त्याला लागत नाही. ‘मालक घरी येणे ही धोक्याची वेळ आहे’ एवढाच धडा तो घेतो. दुसऱ्या दिवशी मालक दिसताच तो कान पाडून कोपऱ्यात सरकतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, अपराध कळतो याला!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली याचीच परीक्षा पाहिली. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नव्हती यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो उमटे. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती बहुधा भीती असते.

पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या परिसरात सात शिक्षणशाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जेथे हिसके, दरडावणे आणि शिक्षा यांवर भर होता, तेथील कुत्र्यांत शिकताना ताणाची चिन्हे अधिक दिसली आणि त्यांच्या लाळेतील ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाणही शिकवणीनंतर अधिक वाढले. अमेरिकेतील पशुवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली निःसंदिग्ध शब्दांत मत दिले की, सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी. ‘कुत्र्याला घरचा धनी कोण ते दाखविले पाहिजे, नाही तर तो डोक्यावर बसेल’ हा समजही आता मागे पडला आहे. तो कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आला होता. लांडग्यांचे थोर अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. तेथे गादीसाठी रोजची लढाई नसते.

येथे एक आक्षेप येणारच. घरातील वडील मंडळी म्हणतील, ‘प्रत्येक गोष्टीला तुकडा द्यावयाचा, तर ही लाचच झाली! तुकडा नसला की ऐकणार नाही.’ आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण पुष्कळ घरी खरोखर लाचच दिली जाते. कुत्रा भुंकतो आहे, म्हणून गप्प करण्यासाठी भाकरीचा तुकडा टाकला, ही लाच. त्यातून तो एवढेच शिकतो की भुंकले की भाकरी मिळते. लाच कामाच्या आधी दिली जाते, वा गैर काम थांबविण्यासाठी दिली जाते. मजुरी काम झाल्यावर दिली जाते. कुत्रा बसला आणि मग तुकडा मिळाला, ही मजुरी. शेतावर राबणाऱ्या माणसाला आपण संध्याकाळी मजुरी देतो तेव्हा त्याला लाचखाऊ म्हणत नाही. शिवाय धडा पक्का झाल्यावर तुकडा दर वेळी द्यावयाचा नसतो. कधी तुकडा, कधी पाठीवर थाप, कधी चेंडू, कधी नुसते दार उघडून अंगणात सोडणे. केव्हा काय मिळेल हे ठाऊक नसले म्हणजे शिष्य उलट अधिक मन लावून काम करतो.

तयारी अगदी थोडी लागते. पहिली गोष्ट मजुरी. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, उकडलेले अंडे, पनीर, साध्या घरी ज्वारीच्या भाकरीचे कुसकरे. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको. दिवसभरात जितके तुकडे गेले तितके जेवण कमी करावे. गावात सहज मिळतो म्हणून धारवाडी पेढा मात्र देऊ नये. साखर त्याच्या कामाची नाही. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा व लसूण हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत, आणि शिजविलेले हाड चिरफाळून आतड्यात रुतते, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट खुणेचा शब्द. कुत्र्याने हवी ती कृती केली की त्याच क्षणी एक आखूड शब्द उच्चारावा, ‘वा!’ म्हटले तरी चालेल, आणि लगेच तुकडा द्यावा. प्रथम काही न सांगता पंधरावीस वेळा ‘वा!’ म्हणून तुकडा द्यावा. शब्द ऐकताच तो हाताकडे पाहू लागला, की त्याला शब्दाचा अर्थ कळला. यानंतर हा शब्द शिक्क्यासारखा जपून वापरावयाचा. उगाच उधळावयाचा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्या सीमेवरच्या घरांत तीच सर्वांत अवघड. घरात मराठी, कोंकणी आणि कानडी एकाच चुलीभोवती नांदतात. आई म्हणते ‘ये’, आजी म्हणते ‘यो’, गड्याची हाक ‘बा’ आणि शाळेतून इंग्रजी शिकून आलेला मुलगा म्हणतो ‘कम’. आपल्याला चारही हाका एकच वाटतात. कुत्र्याला ते चार निरनिराळे आवाज आहेत. यांतला कोणता खरा, हे त्याने कसे ओळखावे? कुत्रा दोन भाषांतले शब्द शिकू शकत नाही असे नाही. पण जो शब्द शिकवावयाचा तो आधी एकटाच पक्का झाला पाहिजे. तेव्हा घरातील सर्वांनी एक संध्याकाळ बसून पाच शब्द ठरवावेत, ते कोणत्याही भाषेतील असोत, आणि कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे लावावेत. एका शब्दाला एक अर्थ, आणि तो घरातील सर्वांचा सारखा. आईने पलंगावर चढू द्यावयाचे नाही आणि बाबांनी हळूच चढवून घ्यावयाचे, हेही असेच आहे. त्यात दोष कुत्र्याचा नसतो.

आता धडे पाहू. एका वेळी तीन-चार मिनिटांहून अधिक शिकवू नये. दिवसातून तीन वेळा पुरे. जेवणाआधी, पोट रिकामे असताना शिकवावे, आणि धडा जमत असतानाच थांबावे.

पहिला धडा ‘बस’. तुकडा मुठीत धरून कुत्र्याच्या नाकापाशी न्यावा आणि हळूच कपाळावरून मागे सरकवावा. नाक वर जाते तसा मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताच ‘वा!’ आणि तुकडा. मागून दाबून बसवू नये. आठदहा वेळा असे झाल्यावर रिकामा हात फिरवावा, तो बसला तर दुसऱ्या हातातून तुकडा द्यावा. तो हाताच्या खुणेने खात्रीने बसू लागला, म्हणजे मग खुणेच्या आधी ‘बस’ हा शब्द जोडावा. पुष्कळ लोक येथेच चुकतात. कुत्रा उभा असताना ते ‘बस, बस, बस’ असा जप करतात आणि त्याला ‘बस’ म्हणजे उभे राहणे असे वाटू लागते. शब्द एकदाच उच्चारावा.

या एका धड्याने दुसरे मोठे काम होते. रविवारी घरची मंडळी मिस्साहून परततात, आणि कुत्रा चिखलाच्या पायांनी धुतलेल्या कपड्यांवर उडी घेतो. आपण ओरडतो, ढकलतो. त्याला वाटते, आज खेळ चांगला रंगला. ओरडणे आणि ढकलणे हेही त्याच्या लेखी बक्षीसच आहे, कारण त्याला लक्ष हवे होते आणि ते मिळाले. त्याऐवजी उडी मारताच पाठ फिरवून स्तब्ध उभे राहावे. चारही पाय जमिनीवर आले, की ‘बस’ म्हणावे आणि बसला की वाकून कुरवाळावे. जो बसलेला आहे तो उडी मारू शकत नाही. हीच या पद्धतीची किल्ली आहे. ‘हे करू नकोस’ असे कुत्र्याला सांगणे कठीण, पण ‘त्याऐवजी हे कर’ असे सांगणे सोपे.

दुसरा धडा ‘ये’. हा दिसावयास सोपा आणि पाळावयास सर्वांत कठीण, विशेषतः आपल्या भागातील शिकारी वंशाच्या कुत्र्यांना. धारवाडच्या उत्तरेस बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. हे घोरपडे घराण्याचे जुने संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागातील लांब पायांच्या, अरुंद तोंडाच्या, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या कुत्र्यांची जोपासना केली, आणि मुधोळ हे त्या वंशाचेच नाव झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी वंशांच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वानसंशोधन केंद्र आहे, आणि २०१६ साली मुधोळची पिल्ले लष्करी शिक्षणासाठी मेरठला गेली. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतो. दूरवर ससा हलला की त्याचे पाय मेंदूच्या आधी निघतात. अशा वेळी मागून आपण ‘ये, ये’ म्हणून घसा फोडला तरी ते त्याच्या कानी पडते की नाही कोण जाणे. त्याला हट्टी किंवा मंद म्हणणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने ज्यासाठी निवडला तेच तो करीत असतो.

म्हणून ‘ये’ हा धडा घरात सुरू करावा, मग अंगणात, मग लांब दोरी लावून शेताच्या बांधावर न्यावा. दोन माणसांनी दोन टोकांना बसून आळीपाळीने हाक मारावी आणि आला की एक नव्हे, तीन-चार तुकडे द्यावेत. या धड्याची मजुरी सर्वांत घसघशीत असावी. आणि एक नियम कधीही मोडू नये. आलेल्या कुत्र्याला रागावू नये. तो पाऊण तासाने आला तरी नाही, शेणात लोळून आला तरी नाही. हाक मारून लगेच आंघोळ घालणे, औषध पाजणे, साखळीला अडकविणे, हेही टाळावे. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जावे. हाकेचे फळ नेहमी गोड राहिले, तरच रस्त्यावरून ट्रक येत असताना मारलेली हाक त्याचा जीव वाचवील.

तिसरा धडा ‘जागेवर’. एखादे जुने गोणपाट किंवा घोंगडीचा तुकडा कोपऱ्यात अंथरावा. कुत्र्याने त्याकडे पाहिले तरी ‘वा!’, पाय ठेवला तर ‘वा!’, बसला तर आणि थांबला तर पुन्हा पुन्हा तुकडे तेथेच द्यावेत. पहिल्या दिवशी पाच सेकंद पुरेत. आठवड्याने अर्धे मिनिट, महिन्याने जेवण होईपर्यंत. ताटावरून हाताने घास देण्याची सवय मात्र घरातून हद्दपार करावी. तान्हे मूल असलेल्या घरी हा धडा सर्वांत मोलाचा. बाळ येण्याच्या कित्येक आठवडे आधीच, रिकाम्या पाळण्यापासून चार हात दूर गोणपाट टाकून ही सवय लावावी. पाळण्यातून रडणे ऐकू आले की कुत्रा आपल्या जागेवर जातो आणि तेथे त्याला काही गोड मिळते, असे झाले म्हणजे बाळाविषयी त्याच्या मनात मत्सर राहत नाही. तथापि, कुत्रा कितीही सुशील असो, तान्ह्या मुलाजवळ त्याला एकटे कधीही सोडू नये. शिक्षण हे राखणीला मदत करते. राखणीची जागा घेत नाही.

चौथा धडा ‘सोड’. एका मुठीत साधा तुकडा धरून पुढे करावी. कुत्रा चाटील, पंजा मारील. मूठ उघडू नये. तो कंटाळून नाक मागे घेईल, त्याच क्षणी ‘वा!’ आणि दुसऱ्या हातातून अधिक चांगला तुकडा. सोडल्याने अधिक मिळते, हा व्यवहार त्याला फार लवकर पटतो. तोंडातील वहाण वा कोंबडीचे पिल्लू हिसकावून घेऊ पाहाल, तर तो ती वस्तू घेऊन पलंगाखाली जाईल, आणि पुढे त्या जागेचे रक्षण दातांनी करील.

पाचवा धडा दोरीबरोबर चालण्याचा. दोरी ताणली की थांबावे. सैल झाली की चालावे. पहिले चार दिवस घरापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यास पाव तास लागेल. पाचव्या दिवशी त्याला कळते की, ताणले की वाट बंद होते. येथे तर तुकड्याचीही फारशी गरज नाही; पुढे जाणे हेच बक्षीस आहे.

पिल्लू घरी आणावयाचे असेल तर काळाचे भान ठेवावे. स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी दीर्घ अभ्यासानंतर १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत ते ज्या माणसांना, आवाजांना आणि वस्तूंना निर्भयपणे भेटते त्यांची त्याला पुढे भीती वाटत नाही, असे त्यात दिसून आले. या काळात त्याला छत्रीवाला, टोपीवाला, सायकल, बैलगाडी, बँडचा आवाज, लहान मुले हे सारे दुरून, तुकडे खात खात दाखवावे. मात्र आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. २०१७ च्या नियमांनी अशा पिल्लाची विक्रीही मना केली आहे.

शेवटी गुरगुरण्याविषयी. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे. ती सूचना आहे. ‘मला भीती वाटते, दूर हो’, एवढेच तो आपल्या भाषेत सांगतो. त्याबद्दल त्याला मारले, तर तो भिणे सोडीत नाही, फक्त सांगणे सोडतो. आणि मग ‘काही न करता एकदम चावला’ अशी तक्रार आपल्या कानी येते. गुरगुर ऐकली की मूल दूर करावे आणि कारण शोधावे. मुलांनाही तीन नियम शिकवावेत: कुत्रा जेवत असताना, झोपला असताना, आणि पिल्लांना पाजत असताना त्याच्या अंगाला हात लावावयाचा नाही. रीतभात एकट्या कुत्र्याने शिकावयाची नसते.

आणि एवढे करूनही रेबीजची लस टळत नाही. तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दर वर्षी, हा क्रम चुकवू नये. कोणत्याही कुत्र्याचा, घरच्या पिल्लाचासुद्धा, दात वा नखे लागून कातडी फुटली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखाना गाठावा. चुना, तिखट, हळद यांतले काहीही त्यावर लावू नये, आणि अंगारेधुपारे करण्यात वेळ दवडू नये.

वाचकहो, पाच धडे आणि पाच शब्द, याहून मोठे शिक्षण घरच्या कुत्र्याला लागत नाही. महिना दीड महिना सर्वांनी मिळून पाळले तर फरक दिसू लागतो. पण या शाळेत एक गंमत होते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवसभरात आपला कुत्रा काय काय चुकला, हे पाहण्याची आपल्याला सवय असते. या पद्धतीत नजर उलट लावावी लागते. त्याने काय बरे केले, हे त्याच क्षणी टिपावे लागते. नाही तर ‘वा!’ म्हणण्याची वेळ निघून जाते. तो शांत पडून आहे, पाहुण्यावर न भुंकता वळला, ताटाकडे पाहून जागेवर गेला, हे पूर्वीही घडत असेल. आपले लक्ष नव्हते. हा अभ्यास आधी मालकाला करावा लागतो. मुलांच्या हाती मूठभर तुकडे देऊन त्यांना सांगावे, आज संध्याकाळपर्यंत त्याच्या दहा चांगल्या गोष्टी शोधा. ती दहाऐवजी पंधरा शोधून आणतील, आणि त्याच संध्याकाळी बसून पाच शब्द ठरविता येतील.